आईचं विमानाचं तिकीट एक दिवस आधीचं निघालंय, तारीख बदलता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आईला १२ डिसेंबरच्या रात्री मुंबईहून दुबईला पाठवायचंय, काल रात्री दहाच्या सुमारास ट्रॅव्हल अ‍ॅपवरून १२ तारखेचं ००:३५ चं तिकीट काढलं, एअरलाइन आपली भारतीय आहे, आणि आज सकाळी भाऊ म्हणाला की अरे हे तर ११ च्या रात्रीचं झालं. आता तुम्हाला १३ तारखेचं ००:३५ हवंय आणि पैसे बुडतात का ही भीती.

बुडत नाहीत बहुतेक. पण हे उत्तर वाचून झालं की लगेच कामाला लागा, रात्री दहापर्यंतच वेळ आहे असं धरा.

डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिचा नियम आहे की तिकीट काढल्यापासून ठरलेल्या तासांत एअरलाइनने ते कॅन्सल किंवा बदलून द्यायचं, वेगळा चार्ज न लावता. नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक मात्र भरावा लागतो. एअरलाइनच्या साइटवरून थेट काढलेल्या तिकिटाला अट अशी की बुकिंग केल्यापासून विमान अगदी थोड्या दिवसांवर असेल तर ही सवलत नाही, तुमचं तर अजून तीन आठवडे लांब आहे. ही मुदत आधी २४ तासांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ४८ करायचा मसुदा डीजीसीएने काढला आणि २०२६ मध्ये तसा नियमही केला, पण तुम्ही २४ धरूनच पळा, उगाच त्यावर विसंबू नका. आणि हो, हे आपल्या एअरलाइन्सचं. परदेशी कंपनी असेल तर रिफंड तिच्या देशाच्या नियमाने चालतो, तिथे आधी तिकिटावरच्या अटी वाचायच्या.

तुमच्याकडे अडचण एवढीच की मध्ये अ‍ॅप आहे. अ‍ॅपवाल्याची कन्व्हिनियन्स फी गेली समजा, वर तो बदलाची स्वतःची फीसुद्धा लावतो. आधी एअरलाइनच्याच साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडून बघा, तिथे तारीख बदलायचं बटण चालू दिसलं तर तिथेच करा. एजंटकडे जा असं आलं तर अ‍ॅपमध्ये जा, आणि अ‍ॅप चार्ज दाखवत असेल तर पैसे भरायच्या आधी त्यांच्या चॅटवर लिहा की बुकिंगला २४ तास झालेले नाहीत, आणि त्या स्क्रीनचा वेळेसकट फोटो काढून ठेवा. फोनवर बोलून सोडून देऊ नका, लिहिलेलं काहीतरी हातात पाहिजे.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका हे तेवढंच महत्त्वाचं. तिथे खोटे नंबर वर आलेले असतात, आणि आपण घाबरलेलो असतो तेव्हाच ते लोक आपल्याला बरोब्बर पकडतात, "मॅडम एक छोटं अ‍ॅप डाउनलोड करा, स्क्रीन शेअर करा, रिफंड टाकतो". नंबर एअरलाइनच्या साइटवरून किंवा तिकिटाच्या पीडीएफवरून घ्या. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आता माझी गंमत सांगतो, कारण मी तुमच्याहून मोठा शहाणा निघालो होतो. २०२५ ची गोष्ट, मामेबहिणीचं साक्षगंध नागपूरला, १५ फेब्रुवारी, शनिवार. मी आणि बायको, सकाळचं विमान. अ‍ॅपमध्ये कॅलेंडर खालीखाली सरकत जातं ना, महिना संपला की पुढचा महिना, तर लीप वर्ष नसेल तेव्हा फेब्रुवारी बरोब्बर २८ दिवसांचा म्हणजे चार आठवडे, त्यामुळे मार्चमध्ये त्याच तारखा त्याच वारांखाली येतात. शनिवार १५ फेब्रुवारी, आणि अंगठा जरा जास्त सरकला तर शनिवार १५ मार्च. वार बघितला, तारीख बघितली, दोन्ही बरोबर, आणि माणशी ४,३०० रुपयांत मिळालं म्हणून बायकोसमोर कॉलर ताठ केली ती वेगळीच. १४ मार्चला धुळवड होती, म्हणजे धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून मी बसलो होतो, महिन्याचं नाव तेवढं वाचलं नाही.

कळलं कधी, तर गुरुवारी संध्याकाळी, ठाणे लोकलमध्ये. कुर्ल्याला बसायला जागा मिळाली म्हणून म्हटलं वेब चेक-इन उरकून टाकू, तर स्क्रीनवर आलं की चेक-इन अजून सुरू झालेलं नाही. परवा सकाळचं विमान आणि चेक-इन सुरू नाही? मी दोनदा बंद करून उघडलं, नेटला शिव्या घातल्या, घाटकोपर गेलं, विक्रोळी गेलं, आणि मग त्या पीडीएफमध्ये बारीक अक्षरात दिसलं, मार, म्हणजे मार्च. त्यातला र मी आयुष्यात विसरणार नाही.

पहिला विचार ट्रेनचा. शुक्रवारच्या विदर्भ एक्स्प्रेसचं तत्काळ सकाळी दहालाच उघडून संपलेलं, दुरांतोचं तेच. मग विमान. आणि इथे मी जे केलं ते तुम्हाला उपयोगी पडेल, समजा रात्री दहाची वेळ हुकली तर. माझे २४ तास कधीच उलटले होते, तिकीट काढून तीन आठवडे झालेले. सगळेजण म्हणत होते तारीख बदल, तारीख बदल. मी ठाण्याला उतरून प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसलो आणि वहीच्या मागे हिशोब मांडला. तारीख बदलायची फी ३,००० माणशी, आणि त्याच विमानाचं शनिवारचं भाडं आता ९,५०० म्हणजे फरक ५,२००, एकूण खिशातून ८,२०० जाणार. कॅन्सल केलं तर ४,३०० पैकी कराचे वगैरे साधारण ९०० परत. त्याच कंपनीचं नवं तिकीट घेतलं तर ८,६०० पडतात, म्हणजे बदलणंच बरं. पण दुसऱ्या कंपनीचं शुक्रवारी रात्रीचं विमान ७,४०० ला होतं. त्यातून ९०० वजा करा, ६,५००. दोघांचे मिळून ३,४०० वाचले, फक्त शुक्रवारी ऑफिसातून तासभर लवकर निघावं लागलं, आणि मामीकडे एक रात्र जास्त, सावजीचं जेवण. तारीख बदलली की तुम्ही त्याच कंपनीच्या त्याच महागड्या भाड्याला बांधले जाता, हे त्या वेळी डोक्यात येत नाही कुणाच्या.

ते ९०० सुद्धा सहज मिळाले नाहीत. कॅन्सल करताना स्क्रीनवर रिफंड शून्य दाखवत होता, नॉन-रिफंडेबल भाडं आहे म्हणून. आता नियम असा आहे की भाडं कितीही ऑफरचं असो, तुम्ही कॅन्सल करा की विमानाला जाऊच नका, सरकारी कर आणि यूडीएफसारखी विमानतळ वापरायची फी एअरलाइनला परत करावीच लागते. आणि कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक फ्युएल सरचार्ज याच्या वर घेता येत नाही. मी भाड्याची फोड असलेलं पान जोडून मेल टाकला, दोन ओळींचा, आवाज न चढवता. चौथ्या दिवशी "तुमची विनंती मान्य झाली" असं आलं, जसं काही उपकारच. पैसे वॉलेटमध्ये टाकू का असंही विचारलं, तिथे नाही म्हणायचं, क्रेडिट शेल, म्हणजे त्याच कंपनीकडे पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवलेले पैसे, घ्यायचं की खात्यात पैसे हे प्रवाशाने ठरवायचं असतं. तेव्हाच्या नियमात एजंटमार्फत असेल तर ३० कामाचे दिवस लागू शकत होते, थेट कार्डाने काढलेलं असेल तर सात दिवस. कुणी दादच देत नसेल तर सरकारचं एअरसेवा अ‍ॅप आहे, तिथे तक्रार टाकली की कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या बाबतीत आणखी दोनतीन बारीकसारीक. परतीचं तिकीट त्याच पीएनआरमध्ये असेल तर जातानाचं नुसतं सोडून देऊ नका की जाऊदे नवीन काढू, जाण्याच्या विमानाला आई गेली नाही तर परतीचंही बहुधा आपोआप रद्द होतं. बदल करायचा तो विमान सुटायच्या बरंच आधी, नो-शो झालं, म्हणजे न कळवता विमानाला गेलंच नाही, की करांशिवाय काही हाती येत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतला असेल तर त्याचीही सुरुवातीची तारीख बघा. बदल झाला की नवीन तिकीट मेलवर येतं ते उघडून बघा, नुसत्या "सक्सेसफुल" वर समाधान मानू नका, पीएनआर टाकून एअरलाइनच्या साइटवर १३ दिसतंय का ते बघा.

आणि या रात्रीच्या विमानांची भानगड आपल्याकडे घरोघरी झालेली आहे, कारण मुंबईहून आखाताकडे जाणारी किती विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात. आपल्या बोलण्यात "१२ च्या रात्री" म्हणजे झोपेपर्यंत १२ च असते, विमानवाल्यांची तारीख बाराच्या ठोक्याला उलटते. माझी आई तर कॅलेंडरवर दोन तारखांच्या मधल्या रेघेवर टिंब काढते.

म्हणून तिकीट बदललं की गाडीवाल्याला तिकिटावरची तारीख सांगू नका, तो १३ च्या रात्री येऊन उभा राहील. त्याला सांगा १२ तारीख, संध्याकाळी साडेसात, डोंबिवलीहून टर्मिनल २, साडेनऊला सहारला पोचायचंय.