पहिल्या रिमांडला उभं राहण्याआधी

मुंबईच्या किल्ला कोर्टात आरोपीची वकील म्हणून रिमांडला उभी राहशील तेव्हा पोलिसांच्या अर्जात एक वाक्य हमखास सापडेल: 'आरोपी तपासात सहकार्य करत नाही.' तिथेच धर. सहकार्य म्हणजे नेमकं काय हवं होतं, ते विचार. बहुतेकदा हवी असते कबुली, आणि संविधानाच्या कलम २०(३) मुळे तिची सक्ती करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये संतोष विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटलंय की, कबुली दिली नाही म्हणून असहकार्य ठरत नाही. प्रत सोबत ठेव. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या सुनावण्यांच्या यादीत, गर्दी असली की तोंडी सांगितलेलं वाहून जातं.

अशिलाला 'काहीच बोलू नका' एवढं सांगून मोकळी होऊ नकोस. घाबरलेला माणूस गप्प बसत नाही, खोटं बोलतो, आणि तेच जास्त नडतं. नाव-पत्ता सांगावा, ज्या उत्तराने स्वतःवर गुन्हा ओढवेल तेवढंच नाकारावं. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १८१ बघ. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं (कलम ३८), पण पूर्ण वेळ नाही.

बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना यांना मौनाचं संरक्षण नाही. सुप्रीम कोर्टाचा काठी कालू निकाल, १९६१. नार्को चाचणी (औषध देऊन बोलतं करणं) मात्र संमतीशिवाय होत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या सेल्वी निकालात २०१० साली ठरलं.

ईडीचं समन्स हा वेगळाच मामला. तिथला मनी लाँडरिंग कायद्याच्या (पीएमएलए) कलम ५० चा जबाब सहीसकट पुराव्यात येऊ शकतो. तसं काही आलं तर अशिलाला पाठवण्याआधी मला फोन कर, रात्री असला तरी.