थायॉल गेले कुठे?

प्रश्न : कायटोसानला (कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारा पॉलिमर) ईडीसी हे जोडणारे रसायन वापरून थायोग्लायकोलिक आम्ल जोडले. थायॉल (गंधक-हायड्रोजनचा –SH गट) मोजणाऱ्या एलमन चाचणीत सुरुवातीला ते भरपूर दिसले. आठवड्याने त्याच पावडरीत निम्मेच. काय चुकले? — एम. फार्म. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी पहिल्या आकड्यावरच शंका घ्या. आम्लाचा काही भाग कायटोसानच्या अमाइनला नुसत्या विद्युतभाराने धरून बसतो. बिनमिठाच्या डायलिसिसने (पातळ पडद्याच्या पिशवीतून धुण्याने) तो नीट सुटत नाही आणि चाचणीत जोडलेल्या थायॉलसारखाच पिवळा रंग देतो. म्हणून ५ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात डायलिसिस करताना मधल्या दोन वेळा त्यात १ टक्का मीठ घाला. शिवाय ईडीसी न घातलेली एक बॅच शेवटपर्यंत न्या; तीही पिवळी झाली, तर धुणे कमी पडले.

ती रंगहीन निघाली, तर बहुधा थायॉल आपसांत जुळून डायसल्फाइड (दोन गंधकांचा पूल) झाले. पीएच ५ च्या वर सरकला की हे वाढते. लोह-तांब्याचा अंश असेल तर फारच. डायलिसिस थंड जागी, अंधारात करा. पावडरीची बाटली फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका, आत दव धरते. (ईडीसीच्या बाटलीलाही हेच लागू, ओलाव्याने ईडीसी वाया जाते.)

खात्री करायची तर नमुना सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करून (म्हणजे डायसल्फाइड तोडून पुन्हा थायॉल करून) पुन्हा मोजा. आकडा मूळ जागी आला, तर दोष ऑक्सिडेशनचाच. फेस खूप येतो. नळी मोठी घ्या, काम फ्यूम हूडमध्ये करा. उरलेले बोरोहायड्राइड आम्लाने पूर्ण मारून मगच पीएच ८ ला आणा, नाहीतर ते स्वतःच एलमन अभिकर्मकाला पिवळे करते.

आणखी एक. पीएच ८ ला कायटोसान साका होऊन खाली बसते. २ तास थांबून सेंट्रिफ्यूज करा, वरचे नितळ द्रव ४१२ नॅनोमीटरला वाचा. गढूळ नमुना वाचलात, तर गढूळपणाही थायॉल म्हणून मोजला जाईल. ब्लँक (तुलनेचा नमुना) साध्या कायटोसानचा हवा, बफरचा नव्हे.

प्रश्न : अ‍ॅसिटिलसिस्टीनचे थायॉल कफ पातळ करते. मग थायॉल लावलेला पॉलिमर श्लेष्माला चिकटतो कसा? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : विक्रिया एकच. म्युसिनच्या (श्लेष्मातल्या प्रथिनाच्या) धाग्यांमधला डायसल्फाइड पूल तुटतो आणि सुटलेल्या एका टोकाला थायॉल जोडले जाते. रेणू छोटा असेल तर तिथेच संपते. धागे मोकळे होतात, कफ पातळ होतो. पॉलिमरच्या एकाच साखळीवर मात्र अनेक थायॉल असतात, त्यामुळे ते टोक साखळीलाच बांधले जाते, आणि असे बरेच टाके पडतात. युरोपात कोरड्या डोळ्यांसाठी मिळणाऱ्या थेंबांत तर अ‍ॅसिटिलसिस्टीनच कायटोसानला जोडलेले असते. तिथे ते अश्रूंच्या थरातल्या म्युसिनला धरून राहते.