काही तरुण मुलं एकटीच दारू का पितात?

तुम्ही लिहिलंय की तुमचा २६ वर्षांचा भाऊ लग्नात, पार्टीत थेंबाला शिवत नाही, मित्रांना वाटतं तो पितच नाही, आणि परवा त्याच्या गादीखाली दारूच्या रिकाम्या निपा, म्हणजे छोट्या बाटल्या, सापडल्या. सोबत कोणी नसताना पिण्यात कसली मजा, असं तुम्ही विचारताय. मी साधारण चार वर्षं अशीच प्यायलोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. मजा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

मी वर्धा जिल्ह्यातला, देवळी तालुक्यातला. पाच एकर वावर, कपाशी-तूर, विहिरीला पाणी असलं तर रब्बीत हरभरा. नागपुरात खोली करून तीन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. पैसे संपले, बाबांचे गुडघे गेले, मी गावी परतलो.

आमच्याकडे चारचौघांत पिण्याला 'बसणं' म्हणतात. "बसाचं का आज?" एवढं विचारलं की पुढचं सांगावं लागत नाही. कोणाच्या तरी वावरात चार जण, फुटाणे, शेव, कापलेला कांदा, मोबाइलवर गाणी. मीही सुरुवातीला बसलो. पण दुसरा ग्लास भरला की कोणीतरी हमखास म्हणणार, "काय साहेब, निघाली का पोस्ट?" मग तिसरा, "पोरगी पाहून रायले का नाही?" आणि शेतकऱ्याच्या पोराला पोरगी कोण देतो यावर अर्धा तास. सगळे हसायचे, मीही हसायचो. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण प्यायल्यावर जे विसरायचं तेच तिथे ताटात वाढून मिळायचं. एक दिवस सांगितलं, सोडली. सगळ्यांनी शाबासकी दिली. तेव्हापासून एकटा प्यायला लागलो.

शहरातल्या माणसाला वाटतं, एकटा पिणारा म्हणजे ज्याला कोणी नाही. गावात कोणी नाही असं कधी होतच नाही हो. घरात आई-बाबा, आजी, ओट्यावर शेजारी, पारावर गाव, सगळ्यांना तुमचं सगळं ठाऊक. मला माणसं हवी होती, फक्त त्यांचे प्रश्न नको होते. आणि प्रश्न नसलेली एकच जागा माझ्याकडे होती, रात्रीचं वावर.

शेतीची लाईन, म्हणजे वीज, आमच्या फिडरला काही दिवस रात्रीच यायची. हरभऱ्याचं ओलीत करायचं तर रात्री दहाला जाऊन मोटर सुरू करायची, दांड (पाण्याचे पाट) फोडत सारे (वाफे) भरत पहाटेपर्यंत थांबायचं. ओलीत नसलं तर डुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलायला जागल. बाबा जाऊ शकत नव्हते. म्हणजे माझं रात्रभर बाहेर असणं हे घराच्या लेखी कष्टच होते. आई डबा द्यायची आणि म्हणायची, "बाबू, मफलर घे, थंडी वाजन." खिशात १८० मिलीची निप असायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींचा जिल्हा. दुकान नाही, बार नाही, पण नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथे सगळं आहे, आणि तिथून माल दुचाकीवरून येतो, दाम वाढवून. बंदीमुळे लोक एकटे पितात असं मी म्हणणार नाही. बंदी नसलेल्या जिल्ह्यातही पितातच. पण लपवून आणणं, लपवून ठेवणं, पटकन संपवून बाटली फेकणं हे सगळं तंत्र आम्हाला आयतं शिकायला मिळालं. (बंदी उठवा असं म्हणालो तर माझी आई मला घरात घेणार नाही. तिच्या माहेरच्या बायकांनी हातभट्टीचे माठ फोडले आहेत.) आणि राज्यातल्या कायद्याने बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, ते नदीपलीकडेही मला कोणी कधी विचारलं नाही.

एकट्याच्या पिण्यात लगाम नसतो. चौघांत बाटली वाटून जाते, कोणीतरी "बस झालं बे, घरी चाल" म्हणतो, कोणाला सकाळी फवारणी असते. एकट्याला हे म्हणणारं कोणी नाही, गप्पा नाहीत म्हणून घोटामागून घोट. वर्षभरात एकीच्या दोन निपा झाल्या ते मला कळलंही नाही. त्यात दारू फसवते कशी, तर पहिले दोन तास डोकं शांत होतं, डोळा लागतो. मग अंगातली दारू उतरू लागली की तीनला झोप खाडकन उघडते, छाती धडधडते, आणि जे विसरायला प्यायलो तेच दुप्पट होऊन समोर बसतं. संध्याकाळी पुन्हा तीच गोष्ट शांत करायला पुन्हा निप. मी याला बरीच वर्षं टेन्शन समजत होतो. त्यातलं निम्मं टेन्शन दारूनेच आणलेलं होतं, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं.

माझं उघडं पडलं ते एका ओलिताच्या रात्री. मोटर सुरू करून बांधावर टेकलो आणि जाग आली ती उजाडल्यावर. पाणी आमचे सारे भरून धुरा (बांध) फोडून शेजारच्या काकांच्या हरभऱ्यात शिरलं होतं. फुलावर आलेला हरभरा, त्याला जास्तीचं पाणी म्हणजे घातच. पिवळा पडला, बराचसा गेला. काका माझ्यावर ओरडले नाहीत. माझ्या पायाशी पडलेली बाटली त्यांनी उचलली, स्वतःच्या पिशवीत टाकली, आणि पारावर सांगितलं की पोराचा स्टार्टर अटकला होता. मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. नुकसानीचे पैसे बाबांकडे मागावे लागले आणि कशाचे ते सांगावं लागलं.

मग सरकारी दवाखाना, तिथले मानसोपचाराचे डॉक्टर. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी भरून घेतली, पण त्याआधी स्वतःहून तीनच गोष्टी विचारल्या. झोप लागते का? किती पितोस? कोणाबरोबर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. चारचौघांत पिणारा बहुतेक वेळा मजेसाठी पितो आणि एकटा पिणारा काहीतरी दाबायला पितो, म्हणून हे विचारतो, म्हणाले. पुढे मी वाचलं की अमेरिकेत १८ वर्षांच्या सुमारे ४,५०० मुलांना वयाच्या पस्तिशीपर्यंत पाहिलं, तेव्हा तरुणपणी एकटं पिणाऱ्यांना पुढे दारूचा विकार जडण्याची शक्यता सोबतीने पिणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. तेवढीच दारू पिणाऱ्यांतही. मला नवल वाटलं नाही.

आता तुमच्या भावाचं. तो रोज पीत असेल तर रागाच्या भरात त्याची दारू एका दिवसात तोडू नका, खोलीत कोंडू तर मुळीच नका. रोजची सवय असलेल्याची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, एखाद्याला दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग सोडणं. जिल्हा रुग्णालयात हे उपचार मिळतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक फुकट आहेत.

आणि त्याला "काहून पेतं?" असं विचारू नका. या प्रश्नाला माझ्याकडे दहा उत्तरं तयार असायची, दहाही खोटी. "रात्री झोप लागते का रे?" एवढंच विचारून पाहा. जेवताना सगळ्यांसमोर नको, दोघंच असताना. पहिल्या दिवशी तो "लागते ना" म्हणेल. मीही तसंच म्हणालो होतो.