आईची नोकरी आणि मुलाचं वजन

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा, उंची १२८ सेंमी, वजन ३४ किलो. मी रात्री आठला घरी पोचते. सासूबाई म्हणतात, नोकरीमुळेच तो सुटलाय. खरं आहे का?

उत्तर : त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २०.८ येतो. भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५च्या तक्त्यात हा आकडा जादा वजनाच्या रेषेच्या वर जातो, तेव्हा लक्ष घालायला हवं. अमेरिकेत २००३ साली झालेल्या एका अभ्यासात आईचे आठवड्याचे कामाचे तास १० ने वाढले, की मूल स्थूल असण्याची शक्यता अर्ध्या ते एक टक्काबिंदूने, म्हणजे शंभर मुलांमागे अर्ध्या ते एका मुलाने वाढलेली दिसली. म्हणजे फरक लहानच. (बाबांच्या तासांचा हिशेब मात्र कुणी मागत नाही!)

खरी गोम दुपारी चार ते आठमध्ये असते. शाळेतून आल्यावर बिस्किटं, फरसाण, टीव्ही. मग आईसाठी थांबून साडेनऊला पोटभर जेवण आणि उशिरा झोप. सोबत गोड पेय असेल, तर त्याच्या २०० मिलीत साधारण २० ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर असते.

चारला त्याला खरं जेवणच द्या: पोळी-भाजी किंवा उसळ, सोबत ताक. सकाळी डब्यात भरून ठेवलंत तर आजींनाही सोपं. मग तासभर खाली खेळायला. साडेसातला हलकं जेवण, तुमच्याबरोबर फक्त गप्पा. झोप किमान नऊ तास. वजन उतरवायच्या मागे लागू नका. उंची वाढत असताना ते ३४वर टिकलं तरी बीएमआय खाली येतो. मान-काखेत काळपट जाड त्वचा दिसली किंवा तो घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.