वाचकांचे प्रश्न : सायनसमधली बुरशी म्हणजे ‘काळी बुरशी’च का?

प्रश्न : माझे वय ५६ आहे. गेले सात-आठ महिने उजवा गाल आतून जड वाटतो आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड घशात उतरतो. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, पण फरक नाही. सीटी स्कॅनच्या अहवालात गालाच्या सायनसमध्ये ‘फंगल बॉल’ असावा, असे लिहिले आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीमुळे माझ्या मोठ्या दिरांचा डोळा काढावा लागला होता, त्यामुळे घरातले सगळे हादरले आहेत. मला मधुमेह नाही. काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या दिरांचा आजार आणि तुमचा आजार या दोहोंच्या नावात बुरशी असली, तरी दोन्हींची जातकुळी वेगळी आहे. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत असतातच आणि प्रत्येक श्वासाबरोबर ते आपल्या नाकात जातात. नाकातला चिकट स्राव आणि सूक्ष्म केस त्यांना बाहेर लोटतात. एखाद्या सायनसचे, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळीचे, तोंड अरुंद झाले, की ते आत अडकतात, वाढतात आणि त्यांच्या तंतूंचा गोळा बनतो. हा गोळा, जो बहुधा ॲस्परजिलस या बुरशीचा असतो, पोकळीत पडून राहतो, पण अस्तराच्या आत शिरत नाही.

तुमच्या वरच्या उजव्या दाढेचे कधी रूट कॅनल झाले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही, पण हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या दाढांची मुळे गालाच्या सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात आणि दात भरण्याचे जस्तयुक्त द्रव्य मुळातून वर सरकले, तर त्याभोवती असा गोळा वाढल्याचे अनेकदा आढळले आहे. स्कॅनमध्ये करड्या सायनसच्या मधोमध चुनखडीसारखे पांढरे ठिपके दिसतात, त्यांतला एखादा ठिपका या द्रव्याचाही असू शकतो.

शस्त्रक्रिया करावी लागेल, पण आज रात्रीच धावण्याची गरज नाही. गोळ्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पोटातून घेतलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नाकातून दुर्बीण घालून सायनसचे तोंड रुंद करतात आणि ओल्या मातीसारखा भुसभुशीत, तपकिरी-हिरवट मळ काढून पोकळी धुतात. त्यासोबत अस्तराचा एक तुकडा तपासायला पाठवला जाईल, याची खात्री करून घ्या, कारण बुरशी अस्तरात शिरली आहे की नाही, याचा निर्णय तिथेच होतो. ती शिरलेली नसेल आणि तुमची प्रतिकारशक्ती चांगली असेल, तर बुरशीविरोधी औषधाची सहसा गरज उरत नाही.

दिरांना झालेला म्युकरमायकोसिस मात्र रक्तवाहिन्यांतच घुसतो. रक्ताच्या गुठळ्या होऊन पुढचा भाग मरतो आणि काळा पडतो. म्हणजे काळी असते ती मेलेली पेशीजालिका, बुरशी नव्हे. (ते नाव रूढ झाले आहे, पण त्याने अकारण घबराटही खूप पसरवली.) कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा भरमसाट वापर एकत्र आल्याने हा एरवी दुर्मीळ आजार आपल्याकडे इतका फोफावला, की मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. तिथे अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध देणे आणि मेलेला भाग खरवडून काढणे, हे दोन्ही तातडीने करावे लागते. गाल बधिर होणे, डोळा सुजणे, एकाचे दोन दिसणे, टाळूवर काळा डाग पडणे, यांपैकी काहीही दिसले, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा दिरांकडून तो तुमच्याकडे आला, ही शंका मनातून काढून टाका.

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलाच्या नाकात मांस वाढले होते. शस्त्रक्रियेनंतर ‘ॲलर्जिक फंगल सायनस’ असे निदान झाले आणि त्याला स्टिरॉइडचा स्प्रे दिला आहे. स्टिरॉइडनेच बुरशी होते ना? मग तो बंद करू का? — एक वाचक, धुळे

उत्तर : कृपया परस्पर बंद करू नका. तुमच्या मुलाच्या शरीरात बुरशी शिरलेली नाही. त्याचे शरीरच बुरशीच्या ॲलर्जीने चवताळून उठते आणि पीनट बटरसारखा घट्ट, चिकट स्राव सायनसमध्ये साठवत राहते. हा स्राव शस्त्रक्रियेने काढता येतो, ती चिडखोर प्रतिक्रिया मात्र स्टिरॉइडनेच शमते. स्प्रेचे औषध बहुतांशी नाकातच काम करते आणि रक्तात फार थोडे उतरते. पोटातून स्टिरॉइडचा कोर्स दिला, तर तेवढ्या काळात रक्तातली साखर तपासून घ्यावी. हा विकार उलटण्याचे प्रमाण बरेच आहे, म्हणून नाक मोकळे वाटत असले, तरी दुर्बिणीने तपासणीची ठरलेली तारीख चुकवू नका.