गिटारच्या खुंट्या जाम झाल्यात, घरातलं कोणतं तेल टाकू?

स्वयंपाकघरातलं एकही नको. तुमची गिटार चार वर्षं भिंतीला टांगलेली होती आणि आता खुंट्या करकरतात, असं तुम्ही लिहिलंय. अशीच गिटार मी तेल टाकूनच बिघडवली होती.

आमचं गाव हिंगणघाटकडचं. भाव येईपर्यंत कापूस घरातच राहतो आणि गिटारही त्याच खोलीत. खुंट्या जड झाल्या तेव्हा मी जवसाचं तेल सोडलं. आजी म्हणाली, "काहून रे, गिटारले बी फोडणी देतं का?" दोन दिवस खुंट्या मस्त फिरल्या. पण जवसाचं तेल हवेनं वाळून कडक होतं, म्हणून तर ते रंगात घालतात. महिनाभरात त्या चिकट्यात कापसाचे तंतू आणि धूळ अशी बसली की खुंटी फिरवायला पक्कड घ्यावी लागली.

तेव्हा तेलाआधी सफाई. एका वेळी एकच तार सैल करा. दाते उघडे दिसत असतील तर कोरड्या टूथब्रशनं धूळ झाडा, अडकलेले तंतू सुईनं ओढून काढा. जुना चिकटा असेल तर मेडिकलमधलं स्पिरिट काडीच्या कापसाला लावून पुसा. लाकडाला मात्र ते लागू देऊ नका, पॉलिश जातं.

मग शिलाई मशीनचं तेल. टाचणीच्या टोकावर येईल तेवढंच, आटेदार दांडा आणि दातेरी चकती जिथं भिडतात तिथं. खुंटी दोन्हीकडे फिरवा, बाहेर आलेलं तेल पुसून टाका. व्हॅसलीनही चालतं, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ते पातळ होऊन ओघळतं.

खुंट्या डबीत बंद असतील तर त्यात कारखान्यातूनच ग्रीस भरलेलं असतं, त्या उघडू नका. खुंटीचं बटण, म्हणजे बोटांनी फिरवतो तो भाग, त्याच्या टोकाचा स्क्रू फार आवळलेला असला तरी खुंटी जड फिरते, तो किंचित सैल करून बघा.

आणि खुंटी फिरवताना "टिक" होऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर दोष बहुधा खुंटीचा नाहीच. तार मानेच्या टोकाला ज्या खाचा पाडलेल्या तुकड्यावर टेकते, त्या नटच्या खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. सूर लावताना नेहमी खालून वर या. वर गेलात तर खूप सैल करून पुन्हा चढवा, नाहीतर दात्यांमधली ढिलाई तार उतरवते.

दातेच झिजून चकती सटकत असेल तर तेलाचा उपयोग नाही, खुंट्या बसवलेली अख्खी पट्टी बदलावी लागेल. नागपूरला दुकानात जाताना जुनी सोबत न्या, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर सगळ्यांचं सारखं नसतं.