मायच्या खुब्याचं ऑपरेशन : वावर विकायचं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावाने विचारलंय : ७६ वर्षांची माय न्हाणीत घसरली, खुबा मोडला. खाजगी दवाखाना अर्धा सांधा बदलायचे १ लाख ८० हजार सांगतो. हाताशी ९० हजारांची एफडी, मायचा गोफ आणि पेरणीसाठी उचललेलं पीक कर्ज. काका म्हणतात एकर विका. शेजारी म्हणतात, या वयात कशाला, घरीच वजन लावून ठेवा.

भाऊ, शेजाऱ्यांचा सल्ला स्वस्त दिसतो, पण सगळ्यांत महाग तोच आहे. मोडलेल्या खुब्याचं म्हातारं माणूस खाटेवर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. वर घरातलं एक कामाचं माणूस महिनोन्‌महिने तिच्यापाशी अडकतं. ऑपरेशन झालं तर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. तिच्या तब्येतीला भूल झेपेल का, हे मात्र डॉक्टरच सांगतील.

आता पैसे. मायचं वय आधारवर ७० किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्ड पिवळं की पांढरं कोणी विचारत नाही. पण ते चालतं फक्त यादीतल्या रुग्णालयात, आणि आधी पैसे भरून मागून परत मिळतील या भरवशावर राहू नका. योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर, फोन करा. यवतमाळचं शासकीय मेडिकल, सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी मेघे, तिन्हीकडे विचारा : खुब्याचं ऑपरेशन या कार्डावर होतं का, आणि कधी?

'कधी' हा प्रश्न पैशाइतकाच मोठा आहे. हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं. दोन-तीन दिवसांत नंबर लागत असेल तर डोळे झाकून तिकडे जा. आठ-दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली तर मी खाजगीत पैसे भरेन, आणि तसं सांगताना मला संकोच नाही.

मग एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचं व्याज थोडं कमी मिळेल, मिळू द्या. उरलेल्या ९० हजारांसाठी गोफ बँकेत ठेवा. दहा टक्के धरले तरी वर्षाचं व्याज ९ हजार होतं. सावकाराचा शेकडा तीन म्हणजे महिन्याला २,७००, वर्षाला ३२,४००. गोफ जड नसेल आणि थोडे कमी पडले तर नात्यात मागा, सावकाराकडे नको. घाईत विकलेल्या एकराला भाव पडूनच मिळतो, शिवाय खरेदीखत होईस्तोवर माय थांबू शकत नाही. पीक कर्जाला हात लावाल तर पेरणी अडेल आणि वेळेत न फेडल्यास व्याजाची सवलतही जाईल.

कार्डावर काम झालं तरी सगळी एफडी वाचली असं समजू नका. वॉकर, कमोडची खुर्ची, न्हाणीला धरायचा दांडा, येण्याजाण्याचं भाडं, यासाठी २५-३० हजार बाजूला राहू द्या. हाडं ठिसूळ झाल्याचं औषधही डॉक्टरांना आठवणीने विचारा, नाहीतर दुसरा खुबा मोडायची भीती असते.

एक शेवटचं. एफडी मायच्या एकटीच्या नावावर असेल तर तुम्ही नुसते वारसदार म्हणून ती मोडू शकत नाही. मोडायचीच वेळ आली तर बँकेच्या अर्जावर तिची सही किंवा अंगठा ऑपरेशनला नेण्याआधीच घ्या.